गोवरचा संशय आला की नर्सने काय करायचं: पहिला तास आणि पुढचे २१ दिवस

नवीन जॉइन झालेल्या मुलामुलींना मी पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारते. वेटिंगमध्ये एक आई बसलीय, मांडीवर अडीच वर्षाचं पोर, चार दिवस ताप, नाक वाहतंय, खोकला आहे, डोळे लाल, उजेडाकडे बघायला तयार नाही आणि आज सकाळपासून कानामागे पुरळ दिसतंय. तुम्ही आधी काय कराल? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, टेम्परेचर घेऊ, केसपेपर काढू, डॉक्टरांना दाखवू. यात चुकीचं काही नाही, पण हे सगळं होईपर्यंत ते पोर त्या बाकावर वीस मिनिटं खोकत बसणार आणि शेजारच्या बाकावर कोण असेल सांगता येत नाही, चार महिन्यांचं बाळ असेल, एखादी गरोदर बाई असेल, केमो चालू असलेला मुलगा असेल. म्हणून माझं उत्तर असं की आधी मास्क, मग बंद दाराची खोली, आणि केसपेपर त्या खोलीत बसून काढा.

आरोग्य खात्याला कळवायला लागणारे आजार बरेच आहेत, टीबी, कॉलरा, घटसर्प, पोलिओ, यादी प्रत्येक देशाची वेगळी असते आणि ती तुमच्या वॉर्डात भिंतीवर लावलेली असायला हवी (नसेल तर आजच इन्चार्जना विचारा). इथे मी गोवर धरून लिहितेय कारण गोवरमध्ये नर्सच्या हातात वेळ सगळ्यात कमी असतो, आणि जिला गोवर नीट हाताळता आला तिला बाकीचे जमतातच. ज्यांनी लस घेतलेली नाही आणि ज्यांना आधी गोवर झालेला नाही असे १० जण पेशंटच्या जवळ आले तर त्यातल्या ९ जणांपर्यंत लागण होऊ शकते. आणि पेशंट खोलीतून निघून गेला तरी विषाणू हवेत २ तासांपर्यंत टिकून राहू शकतो, म्हणजे ज्याने ते पोर डोळ्यांनी बघितलंसुद्धा नाही त्यालाही होऊ शकतो.

संशय घ्यायला शिका

निदान डॉक्टर करतील, ते त्यांचं काम. पण पेशंटला पहिल्यांदा बघते ती नर्स, त्यामुळे संशय आपणच घ्यायचा असतो. ताप आणि पुरळ एकत्र दिसलं आणि सोबत खोकला, सर्दी, लाल डोळे यातलं एक जरी असलं तरी डोक्यात घंटा वाजली पाहिजे. पुरळ कुठून सुरू झालं ते विचारा. गोवरचं पुरळ ताप सुरू झाल्यावर साधारण तीन ते पाच दिवसांनी येतं आणि केसांच्या कडेपासून, कानामागून, चेहऱ्यावरून खाली उतरतं, मग छाती-पोट आणि शेवटी हात-पाय. गोऱ्या कातडीवर लाल दिसतं म्हणून पुस्तकातले सगळे फोटो तसलेच, सावळ्या किंवा काळ्या कातडीवर लाली चटकन कळत नाही, तिथे उजेड बाजूने पाडून बघा आणि हात फिरवून बघा, थोडं खरखरीत उंचवटे लागतात. तोंडात टॉर्च मारायला विसरू नका. गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लाल जागेवर मिठाचे कण सांडल्यासारखे पांढरट ठिपके दिसले तर ते कॉप्लिक स्पॉट, ते पुरळाच्या एक-दोन दिवस आधी येतात आणि पुरळ आल्यावर लवकरच जातात, त्यामुळे दिसले नाहीत म्हणून गोवर नाही असं समजायचं नाही.

मी स्वतः एकदा फसलेय, तेही सांगते. ज्युनियर होते, नाइट ड्युटी, सहा बेडचा मुलांचा वॉर्ड. एक मुलगी तापाने अ‍ॅडमिट होती, अँटिबायोटिक चालू, दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ आलं. औषधाची अ‍ॅलर्जी असणार असं फाइलवर लिहिलं गेलं आणि मीही तेच हँडओव्हरमध्ये पुढे सांगितलं, माझ्याकडून ड्युटी घेणाऱ्या मुलीनेही तेच पुढे सांगितलं. तीन रात्री ती मुलगी कॉमन वॉर्डात होती. चौथ्या दिवशी सकाळी एका सीनियर सिस्टरने तिचा गळपट्टा मागे करून मानेवरचं पुरळ बघितलं, कानामागे बघितलं आणि आईला एकच विचारलं, ताप आधी की पुरळ आधी, आणि डोळे कधीपासून असे आहेत? मग जी पळापळ झाली ती विचारू नका. रजिस्टरमध्ये पेशंटची नावं होती पण सोबत झोपणाऱ्या नातेवाइकांची नव्हती, भेटायला आलेल्यांची तर नाहीच, आणि दिलेल्या फोन नंबरांतले निम्मे लागत नव्हते. अकराव्या दिवशी शेजारच्या बेडवरचं बाळ तापाने परत आलं. तेव्हापासून हँडओव्हरमध्ये "अ‍ॅलर्जी" हा शब्द आला की मी विचारते, कोणी बघून ठरवलं?

पहिली दहा मिनिटं

पेशंट दोन वर्षांच्या वरचा आणि शुद्धीत असेल तर साधा सर्जिकल मास्क लावा. लहान बाळाला किंवा धाप लागलेल्याला मास्क लावायचा नाही, त्याला थेट खोलीत न्या, सोबतच्या आईला मास्क द्या. न्यायचा रस्ता असा निवडा की वाटेत लहान मुलांचं लसीकरण, प्रसूती विभाग, कॅन्सर वॉर्ड लागणार नाही. बाहेरचा वेगळा दरवाजा असेल तर तोच. त्याहून बरं म्हणजे फोनवरच कळलं तर पेशंटला आत यायच्या आधी बाहेर थांबवून आपण जाऊन आणायचं.

खोली कुठली? निगेटिव्ह प्रेशरची खोली असेल, म्हणजे जिच्यातली हवा बाहेर पॅसेजमध्ये न येता फिल्टरमधून किंवा थेट इमारतीबाहेर जाते, तर तीच द्या. ती चालू आहे का हे मशीनच्या हिरव्या दिव्यावर सोडू नका. टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी फाडा, दार बंद करून दाराच्या खालच्या फटीजवळ बाहेरून धरा, पट्टी आतल्या बाजूला ओढली गेली तर ठीक, तुमच्याकडे उडाली तर खोली उलटी चाललीय, लगेच मेंटेनन्सला कळवा. दहा सेकंदाचं काम आहे, पेशंट आत असेपर्यंत रोज करा आणि लिहून ठेवा. अशी खोली नसेल (बऱ्याच ठिकाणी नसते) तर सिंगल रूम, दार कायम बंद, बाहेरच्या बाजूची खिडकी उघडी, आणि सेंट्रल एसीची हवा इतर खोल्यांत फिरत असेल तर ती त्या खोलीपुरती बंद करता येते का ते विचारा. पंखा लावायचा तर तोंड खिडकीकडे, दाराकडे कधीच नाही.

दारावर कागद चिकटवा. छापील बोर्ड सापडेपर्यंत थांबू नका, मार्करने मोठ्या अक्षरात लिहा की आत येण्याआधी नर्सला विचारा, एन९५ घाला. पेशंटचं नाव किंवा आजाराचं नाव दारावर नको.

आत कोण जाणार

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. नियम सोपा आहे, ज्याची प्रतिकारशक्ती कागदावर सिद्ध आहे तोच आत जाईल, म्हणजे लसीच्या दोन डोसांची नोंद आहे किंवा रक्ताच्या तपासणीत अँटिबॉडी दिसल्यात. "लहानपणी झाला होता बहुतेक" हे चालत नाही. लसीच्या एका डोसाने सुमारे ९३ टक्के आणि दोन डोसांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं, शंभर टक्के कोणालाच नाही, म्हणून लस झालेल्यांनीसुद्धा एन९५ घालूनच जायचं. गरोदर सहकारी किंवा जिची इम्युनिटी कमी आहे अशी कोणी असेल तर तिला त्या खोलीची ड्युटी देऊ नका, आणि तिने स्वतःहून सांगावं लागू नये अशी व्यवस्था आधीच ठेवा, चारचौघांत "मी जाऊ शकत नाही" म्हणायला लाज वाटते माणसाला.

आणि हे आवर्जून सांगते, सफाईवाल्या मावशींना विचारा. डॉक्टर, नर्स सगळ्यांच्या लसींची फाइल असते पण खोली पुसायला, कचरा उचलायला, जेवणाचं ताट ठेवायला जी माणसं जातात त्यांची नोंद बऱ्याचदा कुणाकडेच नसते, त्यातून ती कंत्राटावरची असतील तर बघायलाच नको. मी अशा मावशी बघितल्यात ज्यांना साधा कापडी मास्क घालून आत पाठवलं होतं, कारण "पाच मिनिटांचंच काम आहे". पेशंट गेल्यावरच्या त्या दोन तासांत आत जाणारं पहिलं माणूस कोण असतं? मावशीच.

एन९५ घातला म्हणजे झालं असं नाही. दोन्ही पट्ट्या नीट, एक डोक्याच्या वरच्या भागावर, दुसरी कानांखालून मानेवर, नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवा, मग दोन्ही तळवे मास्कवर ठेवून जोरात श्वास सोडा. कडेने, विशेषतः डोळ्यांकडे, हवा जाणवली तर परत बसवा. दाढी असेल तर तो बसतच नाही, हे पुरुष सहकाऱ्यांना गोड बोलून सांगा किंवा कसंही सांगा. ग्लोव्हज, गाऊन, डोळ्यांचं संरक्षण हे कामाप्रमाणे. काढताना ग्लोव्हज आणि गाऊन खोलीच्या आत दाराजवळ काढायचे, हात साफ, बाहेर या, दार लावा आणि मग सगळ्यात शेवटी एन९५, खालची पट्टी आधी, वरची नंतर, पुढच्या भागाला हात न लावता. परत हात. हँडरब असेल तर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी असेल तर ४० ते ६० सेकंद, आणि घड्याळ लावून एकदा बघाच, आपण सगळे दहा सेकंदात उरकतो.

फोन कोणी करायचा

माझ्या अनुभवात आजार पसरायचं एक मोठं कारण म्हणजे प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने कळवलं असेल. नर्सला वाटतं डॉक्टर कळवतील, डॉक्टरांना वाटतं लॅब कळवेल, लॅब रिपोर्टची वाट बघते. कायद्याने जबाबदारी कोणावर आहे हे जागोजागी वेगळं असतं, पण तुम्ही फोन करू शकत असाल तर करा आणि करू शकत नसाल तर ज्याचं काम आहे त्याच्याकडून तुमच्या समोर करून घ्या. गोवर संशयावर कळवायचा असतो, रिपोर्ट आल्यावर नाही. पुरळ आल्यापासून पहिल्या ७२ तासांत रक्तातली आयजीएम टेस्ट (ताज्या संसर्गाच्या अँटिबॉडी शोधणारी) खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणजे ज्या रिपोर्टची वाट बघत बसलात तो "निगेटिव्ह" आला तरी पोराला गोवर असू शकतो.

आधी इन्फेक्शन कंट्रोल नर्सला, मग आरोग्य खात्याला, फोन आधी आणि फॉर्म नंतर. फोन करण्याआधी एका कागदावर हे लिहून घ्या: वय, राहण्याचा भाग, ताप कधी सुरू झाला, पुरळ कधी आलं, लसीचे डोस किती आणि कधी, मागच्या तीन आठवड्यांत प्रवास किंवा गोवरवाल्या कोणाशी संबंध, शाळा-पाळणाघर, घरात कोण कोण आहे, आत्ता कुठे ठेवलंय. समोरचा माणूस हेच विचारणार असतो. बोलून झालं की नोट्समध्ये लिहा, किती वाजता, कोणाशी बोललात, त्यांनी काय सांगितलं. हे स्वतःला वाचवायला नाही (त्यालाही उपयोगी पडतं म्हणा), पुढच्या शिफ्टला परत तोच फोन करायला लागू नये म्हणून.

जगाच्या पातळीवर पण असाच नियम आहे. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम २००५ मध्ये ठरले आणि २००७ पासून लागू झाले, त्यात देवी, जंगली विषाणूचा पोलिओ, माणसातला नवीन प्रकारचा फ्लू आणि सार्स या चारांचा एक जरी पेशंट सापडला तरी देशाने २४ तासांच्या आत जागतिक आरोग्य संघटनेला कळवायचं असतं. गोवर त्या चारांत नाही, तो देशांच्या आपापल्या यादीत येतो, पण देश चोवीस तासांत कळवू शकतो ते कोणीतरी वॉर्डातून पहिल्या तासात फोन केलेला असतो म्हणूनच.

कळवायला घरच्यांची परवानगी लागत नाही, पण त्यांना सांगितल्याशिवाय कळवू नका. "ताई, हा आजार आम्हाला आरोग्य खात्याला कळवावा लागतो, सगळ्यांचाच कळवतो, तुमच्यावर काही केस होत नाही, ते लोक फोन करतील आणि घरातल्या बाकीच्यांना लस लागेल का ते बघतील." एवढं बोललात की अर्धी भीती जाते. आणि पेशंटचं नाव, फोटो, पुरळाचा क्लोज-अप वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही, "फक्त स्टाफचाच ग्रुप आहे" म्हणून पण नाही.

तारखा

पूर्ण कामातलं मला आवडणारं काम हे आहे. पेशंटला पुरळ आलं तो दिवस शून्य धरायचा. त्याच्या आधीचे ४ दिवस आणि नंतरचे ४ दिवस तो संसर्ग पसरवू शकतो. म्हणजे पुरळ १४ तारखेला आलं तर १० ते १८. इम्युनिटी कमी असलेल्या पेशंटला हे चार दिवसांचं गणित लावत नाहीत, तो बरा होईपर्यंत आयसोलेशनमध्येच.

आता ही १४ तारीख मिळवायची कशी? आई म्हणते "परवा आलं पुरळ". आपल्याकडे परवा म्हणजे खरोखरचा परवा पण असतो, नुसताच "मागे कधीतरी" पण असतो. मी कॅलेंडर पुढे ठेवते आणि आठवायला खुंटी देते, आंघोळ घालताना दिसलं का, त्या दिवशी शाळा होती की सुट्टी, तो कधीपासून जेवत नाहीये, मोबाइलमध्ये त्या दिवशीचा त्याचा फोटो आहे का? फोटो हा भारी प्रकार आहे, त्यावर तारीख असते आणि झूम करून कपाळ बघता येतं. एका आईने "मंगळवारी" सांगितलं होतं आणि रविवारच्या फोटोत कानाजवळ स्पष्ट पुरळ होतं, सगळी यादी दोन दिवस मागे सरकली आणि एक अख्खी पाळणाघराची खोली यादीत आली.

पुरळाची तारीख विचारून आजार पकडायची ही पद्धत जुनी आहे. १८४६ मध्ये डेन्मार्कच्या सरकारने पीटर पानुम नावाच्या पंचविशीतल्या डॉक्टरला फेरो बेटांवर पाठवलं, तिथे ७,७८२ लोकवस्तीत सुमारे ६,००० जणांना गोवर झाला होता. विषाणू काय असतो हेच तेव्हा कोणाला माहीत नव्हतं. हा माणूस बोटीने गावोगाव फिरून विचारत राहिला, पुरळ कधी आलं आणि त्याआधी तुम्ही कोणाला भेटलात. एका गावचे १० जण ४ जूनला देवमाशांच्या शिकारीला एकाच बोटीतून गेले होते, १८ जूनला दहाच्या दहा जणांना पुरळ उठलं. चौदा दिवस! आज पण पुस्तकात संपर्कापासून पुरळापर्यंत सरासरी १४ दिवसच लिहिलेत (७ ते २१ च्या दरम्यान). शिवाय १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर होऊन गेला होता त्या म्हाताऱ्यांना ६५ वर्षांनी परत झाला नाही हेही त्याने टिपून ठेवलं. वही आणि प्रश्न, दुसरं काही नव्हतं त्याच्याकडे.

तर आपली वही, म्हणजे लाइन लिस्ट. १० तारखेपासून पेशंट कुठे कुठे होता ते तासातासाने लिहा. समजा तो १२ तारखेला तापासाठी ओपीडीत येऊन गेला होता, सकाळी १० ते ११. मग ओपीडीत १० पासून दुपारी १ पर्यंत जे जे आले ते सगळे यादीत, कारण तो गेल्यावरचे दोन तास पण मोजायचे. पेशंट, नातेवाईक, रिसेप्शनवरची मुलगी, औषध द्यायला आलेला एमआर, लिफ्टवाला. प्रत्येकापुढे वय, फोन (समोरच मिस्ड कॉल देऊन बघा), लसीचे डोस, गरोदर आहे का, इम्युनिटी कमी करणारा आजार किंवा औषध आहे का, घरी वर्षाच्या आतलं बाळ आहे का.

यादी हातात आली की घड्याळ बघा. संपर्कानंतर ७२ तासांच्या आत गोवरची लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होऊ शकतो, ६ महिन्यांच्या वरच्या बाळापासून पुढे देता येते. (वेळापत्रकाच्या वयाआधी दिलेला असा डोस नेहमीच्या डोसांत धरत नाहीत, हे आईला तेव्हाच सांगून कार्डावर लिहा, नाहीतर ती पुढचा डोस झालाच आहे समजून येत नाही.) ज्यांना ही जिवंत विषाणूची लस देता येत नाही, म्हणजे संरक्षण नसलेल्या गरोदर बायका, खूप कमी इम्युनिटीवाले, आणि ६ महिन्यांच्या आतली बाळं, त्यांना ६ दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) द्यायचं असतं, ते डॉक्टर ठरवतील. वरच्या उदाहरणात १२ तारखेच्या ओपीडीतल्या लोकांना लसीसाठी १५ तारखेपर्यंतच वेळ आहे आणि आज १४ उजाडलीय. म्हणून यादी वरून खाली क्रमाने फोन करत जाऊ नका, बाळं आणि गरोदर बायका आधी, मग ज्यांची लस झाली नाही ते, आणि दोन डोसवाले शेवटी.

ज्यांच्यावर लक्ष ठेवायचं त्यांचे २१ दिवस शेवटच्या संपर्कापासून मोजायचे. १२ तारखेवाल्यांचे, महिना तीस दिवसांचा धरला तर, पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंत. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर आजार उशिरा दिसू शकतो म्हणून २८ दिवस. आपल्याच स्टाफपैकी कोणाचं संरक्षण सिद्ध नसेल आणि संपर्क आला असेल तर पहिल्या संपर्कापासून पाचव्या दिवसापासून शेवटच्या संपर्काच्या एकविसाव्या दिवसापर्यंत ड्युटी नाही, मधे लस घेतली तरी नाही. यावर हमखास वाद होतो, स्टाफ कमी आहे, बरी आहे ना ती, येऊ दे. मी सरळ म्हणते की पुरळाच्या आधीच्या चार दिवसांत ते साध्या सर्दी-तापासारखंच दिसणार आहे, तेच तर दुखणं आहे.

सँपल, औषध, साफसफाई

घशाचा स्वॅब आणि रक्त खोलीतच घ्या, पेशंटला लॅबपर्यंत चालवत नेऊ नका. स्वॅब पुरळाच्या पहिल्या तीन दिवसांत घेतला तर उत्तम, कापसाचा नको सिंथेटिक हवा, ट्रान्सपोर्ट मीडियात घालून २ ते ८ डिग्रीत. लेबलवर पुरळाची तारीख लिहा, लॅबला निगेटिव्हचा अर्थ लावायला ती लागते. एक्सरे टाळता येत नसेल तर आधी फोन, यादीत शेवटचा नंबर, मास्क लावून.

व्हिटॅमिन ए दोन दिवस लागोपाठ द्यायचं असतं, वर्षाच्या वरच्या मुलाला २,००,००० युनिट, ६ ते ११ महिन्यांना १,००,०००, त्याखालच्या बाळाला ५०,०००. पहिला डोस सगळे देतात, दुसऱ्या दिवशी पेशंट घरी जातो आणि दुसरा राहतो, म्हणून तो डिस्चार्जच्या कागदावर तारखेसकट लिहा.

साफसफाईबद्दल लोक उगाच घाबरतात. हा विषाणू बाहेर फार चिवट नाही, नेहमीच्या जंतुनाशकाने मरतो, भिंती खरवडायची गरज नाही. मुद्दा हवेचा आहे. पेशंट निघाला की दारावरच्या कागदावर वेळ लिहा, "११:१० ला रिकामी, १:१० पर्यंत आत जाऊ नये". तासाला १२ वेळा हवा बदलणारी खोली असेल तर ३५ मिनिटांत ९९.९ टक्के हवा साफ होते, पण खोलीचा आकडा खात्रीने माहीत नसेल तर दोन तासच धरा. चादरी झटकू नका, गुंडाळून पिशवीत.

बाकीच्या आजारांना हीच पद्धत पण हत्यार वेगळं. कॉलरामध्ये लक्ष संडास, पाणी आणि साबणाने धुतलेल्या हातांवर. मेंदूज्वराच्या मेनिंगोकोकल प्रकारात साधा मास्क, योग्य अँटिबायोटिक सुरू होऊन २४ तास होईपर्यंत आयसोलेशन, आणि जवळच्या लोकांना प्रतिबंधक गोळी शक्यतो २४ तासांच्या आत. टीबीत एन९५ तसाच, फक्त गणित दिवसांऐवजी आठवडे-महिन्यांचं.

घरी पाठवताना

बरेच पेशंट घरीच बरे होतात, तेव्हा आईला पुरळानंतरच्या चौथ्या दिवसाची तारीख लिहून द्या, "चार दिवस" असं तोंडी सांगू नका. त्या तारखेपर्यंत शाळा, पाळणाघर, समारंभ काही नाही. परत यायची वेळ आली तर आधी फोन. आणि कधी यायचं तेही सांगा: श्वास जोरात चालला, पाणी-दूध घेत नाही, झटका आला, गुंगीत आहे, किंवा ताप उतरून परत चढला. हे सांगून झाल्यावर मी आईलाच विचारते, "ताई, आता मला सांगा, कधी यायचं?" तिने तिच्या शब्दांत सांगितलं की कळतं काय पोचलं आणि काय नाही.

हँडओव्हरला फक्त "आयसोलेशनमध्ये गोवर संशयित" एवढं सांगून निघू नका. पुरळाची तारीख, कळवल्याची वेळ, किती कॉन्टॅक्ट पैकी किती जणांना फोन लागला, ७२ तास कधी संपतात, आणि कोणाचा फोन अजून लागत नाहीये. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण न लागणारे नंबर प्रत्येक शिफ्टने एकदा लावून बघितले की संध्याकाळच्या आत बरेचसे लागतात.

मग रोजचा फोन, ताप आहे का, नाक-डोळे कसे आहेत. दहाव्या दिवसानंतर लोक कंटाळतात, उचलत नाहीत, आणि नेमकी तेव्हाच लक्षणं सुरू व्हायची वेळ असते, त्यामुळे आठव्या दिवशीच सांगून ठेवा की पुढचा आठवडा मी जास्त त्रास देणार आहे. कोणाला ताप आला तर त्याने आधी फोन करायचा, आणि तुम्ही बाहेरच्या दाराशी मास्क घेऊन उभं राहायचं. नवीन पेशंट निघाला तर त्याच्या पुरळाचा दिवस परत शून्य आणि नवी लाइन लिस्ट. नाही निघाला तर शेवटच्या पेशंटच्या पुरळापासून ४२ दिवस, म्हणजे दोन वेळा २१, मोजायचे आणि त्यानंतर साथ संपली असं आरोग्य खातं जाहीर करतं. मी ती बेचाळिसावी तारीख नर्सिंग स्टेशनच्या कॅलेंडरवर पहिल्याच दिवशी पेन्सिलीने लिहून ठेवते. पेन्सिलीने, कारण आजवर एकदाही ती खोडून पुढे सरकवायला लागली नाही असं झालेलं नाही.